हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची आहे? सांगली-मिरजेच्या दुकानदारांसाठी आणि घरच्या वापरासाठी पायरी-पायरीने

मार्केट यार्डातलं आडत दुकान असो, विश्रामबागेतलं सीएचं ऑफिस असो की मिरजेतला फोटो स्टुडिओ, सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेलं मशीन आता चालू व्हायला पाच-सात मिनिटं घेतं आणि टॅली उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा संपवून उठतं. बहुतेक ठिकाणी प्रोसेसर बिचारा रिकामाच बसलेला असतो, घोडं अडलेलं असतं हार्ड डिस्कपाशी. नवीन मशीन घेण्याआधी ती काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, बसवून बघणं शहाणपणाचं आहे. काम एका दुपारचं. मात्र ते मार्चअखेरीला, किंवा जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखेच्या तोंडावर काढू नका.

१. आधी खात्री करा की दुखणं डिस्कचंच आहे

मशीन चालू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. डिस्क १०० टक्के आणि त्याच वेळी वाचन-लेखनाचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी, असं दिसलं की निदान पक्कं. डिस्क दमेपर्यंत धावते आहे, पण माल हातात येत नाही. नव्या विंडोजमध्ये तिथेच डिस्कच्या नावाखाली 'एचडीडी' की 'एसएसडी' तेही लिहिलेलं असतं.

शेजारीच मेमरी बघा. ४ जीबी रॅम असेल आणि ती ८५-९० टक्के भरलेली दिसली, तर विंडोज उरलेलं काम डिस्कवर ढकलत असतं. अशा मशीनला एसएसडीबरोबर रॅमही ८ जीबी करा. नुसती एसएसडी बसवली तरी फरक पडेल, पण निम्मा.

दोन गोष्टी एसएसडीने सुधारत नाहीत: इंटरनेट आणि सरकारी पोर्टल.

कमी किमतीच्या काही लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची इएमएमसी असते. तीही एसएसडीसारखी फ्लॅश, म्हणजे चिपवरची साठवणच, पण मदरबोर्डवर डाख देऊन पक्की बसवलेली आणि हळू. ती काढता येत नाही. असा लॅपटॉप असेल तर खर्च करण्याआधी वेगळी एसएसडी बसायला जागा आहे का, हे मॉडेल नंबरवरून तपासा.

२. फरक नेमका कुठे आहे

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या फिरतात, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे. त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावरून वाचणारं हेड सरकतं. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे ५.६ मिलिसेकंद. त्यात हेड सरकायचा वेळ मिळवला की एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला साधारण १५ ते १८ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फायली वाचायच्या तर सेकंदाला जेमतेम साठेक उचली. वखारीत एकच हमाल आहे आणि हळदीची पोती चार कोपऱ्यांत विखुरली आहेत, अशी ही गत. हमाल तगडा आहे, पण वेळ चालण्यातच जातो.

फ्लॅशमध्ये फिरणारं काहीच नाही. विद्युतभार सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेला असतो. कुठलाही कप्पा वाचायला साधारण ०.१ मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचते, म्हणून तिथे फरक डोळ्यांत भरतो. लग्नाचा एकच मोठा व्हिडिओ कॉपी करताना फरक असतो, पण तेवढा नाही. लॅपटॉपची हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, साटा (हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी) एसएसडी ५०० ते ५५०, एनव्हीएमई (नवी, जलद जोडणी) ३५०० आणि त्याच्याही पुढे.

फ्लॅशची स्वतःची खोड अशी की भरलेल्या कप्प्यावर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. लिहिणं छोट्या पानांत होतं आणि पुसणं मात्र अनेक पानांच्या अख्ख्या ब्लॉकमध्ये. प्रत्येक पुसण्याने कप्पा थोडा झिजतो. म्हणून आतला कंट्रोलर लिखाण सगळीकडे सारखं वाटत राहतो, आणि त्याला हात हलवायला मोकळी जागा लागते. एसएसडी काठोकाठ भरू नका, १०-१५ टक्के रिकामी ठेवा.

झिजण्याची भीती मात्र फार वाढवून सांगितली जाते. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीवर कंपनी ३०० टीबीडब्ल्यूच्या आसपास हमी देते, म्हणजे एकूण ३०० टीबी लिखाण. रोज ३० जीबी लिहिलं तरी हे १०,००० दिवस पुरतं, सत्तावीस वर्षं. आडत दुकानात रोज ३० जीबी लिहिलं जात नाही. एसएसडी गेलीच तर बहुधा झिजून जात नाही, कंट्रोलर बंद पडून जाते, आणि तेही न सांगता. हार्ड डिस्क निदान बऱ्याचदा टकटक करते, हळू होते, आधी इशारा देते. एसएसडी काल होती, आज बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) दिसत नाही. बॅकअपचा आग्रह म्हणूनच.

३. कोणती घ्यायची

आकार चुकला तर सगळंच चुकलं, म्हणून आधी मशीन उघडून किंवा मॉडेल नंबर शोधून बघा.

- अडीच इंची साटा: जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्याच आकाराची. जाडी ७ मिमी. आधीची डिस्क ९.५ मिमीची असेल तर नवी खोबणीत हलते. बरोबर प्लॅस्टिकची चौकट आली असेल तर ती चिकटवा. डेस्कटॉपलाही हीच चालते.
- एम.२ साटा आणि एम.२ एनव्हीएमई: दोन्ही च्युइंगमच्या पट्टीसारख्या, बहुधा २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, म्हणून पाकिटावर २२८० लिहिलेलं असतं. दिसायला जवळपास सारख्या, पण एकमेकींच्या जागी चालतीलच असं नाही. काही स्लॉट फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई. सर्वात जास्त परत येणारा माल हाच.

२०१७-१८ च्या आधीच्या मशीनला अडीच इंची साटा डोळे झाकून घ्या. स्लॉट असेल तरी अशा मशीनवर एनव्हीएमईचे जादा पैसे टॅलीच्या कामात दिसत नाहीत.

क्षमता: फक्त हिशोब आणि पत्रव्यवहार असेल तर २५० जीबी पुरते. तरी ५०० जीबीच घ्या, जागा मोकळी राहते आणि हमीचं लिखाणही दुप्पट मिळतं. विंडोजमध्ये ५०० जीबीचे ४६५ दिसतील. ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

टीएलसी (एका कप्प्यात तीन बिट) की क्यूएलसी, हे पाकिटावर नसेल तर कंपनीच्या तपशिलात सापडतं. क्यूएलसी एका कप्प्यात चार बिट कोंबते, स्वस्त पडते. पण मोठी कॉपी चालू असताना तिची जलद जागा भरली की वेग कोसळतो, क्वचित हार्ड डिस्कच्याही खाली. लग्नसराईत एका बैठकीत दीडशे-दोनशे जीबी कार्डं उतरवणाऱ्या फोटोग्राफरने तिच्या वाटेला जाऊ नये. दुकानदाराला ती चालेल.

बिल घ्या, सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि वॉरंटी कंपनीच्या संकेतस्थळावर दुकानातच तपासा. सॅमसंग, क्रुशिअल, डब्ल्यूडी, किंग्स्टन यांच्या नावाचा बनावट मालही फिरतो. दोन-चार टीबीची एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह हजार-दीड हजारात मिळत असेल तर ती शेंडी लावायलाच बनवलेली आहे. आत ३२ किंवा ६४ जीबी असतात, नंतरच्या फायली लिहिल्यासारख्या दिसतात आणि उघडत नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचतो आणि खरी क्षमता सांगतो. तो रिकाम्या ड्राइव्हवरच चालवा.

४. लागणारं सामान

- एसएसडी
- साटा ते यूएसबी ३.० केस किंवा केबल. क्लोनसाठी, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवायला लागते, नंतर जुनी डिस्क त्यातच घालायची
- ८ जीबी किंवा मोठा रिकामा पेन ड्राइव्ह
- बारीक प्लस स्क्रू ड्रायव्हर, पीएच० आणि पीएच१ दोन्ही. चुकीच्या मापाने स्क्रूचं डोकं झिजलं की लॅपटॉप उघडणं अवघड होऊन बसतं
- झाकण सोडवायला प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड
- डेस्कटॉप असेल तर जादा साटा केबल आणि साडेतीन इंची खोबणीत बसणारा ब्रॅकेट
- बॅकअपसाठी तिसरी जागा, म्हणजे वेगळी एक्सटर्नल डिस्क

५. स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी

अर्धी रड इथल्या विसरलेल्या गोष्टींचीच असते.

*डिस्कची तब्येत.* क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं आणि रिअलोकेटेड, पेंडिंग किंवा अनकरेक्टेबल सेक्टर (डिस्कवरच्या खराब जागा) या ओळींचे कच्चे, म्हणजे 'रॉ' आकडे शून्य नसतील, तर क्लोनच्या भानगडीत पडू नका. आधी महत्त्वाच्या फायली हाताने उतरवा, मग नवीन विंडोज टाका. मरायला टेकलेल्या डिस्कला तासभर सलग वाचायला लावलं की ती त्यातच जाते. नुसती सीआरसी एररची ओळ वाढलेली असेल तर बहुधा केबल बदलून काम भागतं.

*टॅली.* कंपनीचा बॅकअप घ्या, शिवाय डेटा फोल्डर जसाच्या तसा वेगळा कॉपी करा. मग लायसन्सच्या मेनूतून लायसन्स सरेंडर करा. नव्या डिस्कवर पुन्हा ॲक्टिव्हेट करायचं. टॅली नेट आयडीचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला ईमेल चालू आहे ना, हे आजच बघा. पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुनिमाचा ईमेल तिथे लागलेला निघतो.

*मराठी फॉन्ट.* श्रीलिपी, कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधली पत्रं, पावत्या, ग्रामपंचायतीचे दाखले असतील, तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट उचलून ठेवा. फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ज्या प्रोग्रॅमना डोंगल (यूएसबीत लावायची लायसन्सची किल्ली) लागतो त्यांची सीडी किंवा इन्स्टॉलरही शोधून ठेवा, आयत्या वेळी तो मिळत नाही.

*डिजिटल सही.* सही टोकनमध्येच असते, ती कुठे जात नाही. ड्रायव्हर मात्र पुन्हा टाकावा लागतो, आणि टोकनचा पासवर्ड आठवत असावा लागतो.

*बिटलॉकर.* हे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू दिसलं तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि क्लोनआधी एन्क्रिप्शन बंद करा. किल्ली नसताना निळा पडदा समोर आला तर आतला डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही.

*बाकी.* ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल, स्कॅनर-प्रिंटरचे ड्रायव्हर, डेस्कटॉपवरचे फोल्डर. 'माय डॉक्युमेंट्स' सगळे उचलतात, डेस्कटॉपवरचे विसरतात.

६. क्लोन की कोरं विंडोज?

डिस्क निरोगी असेल आणि दुसऱ्या दिवशी दुकान चालू हवं असेल तर क्लोन. सगळं आहे तिथे राहतं. सॅमसंग, क्रुशिअल, डब्ल्यूडी आपापल्या एसएसडीसोबत क्लोनचा प्रोग्रॅम मोफत देतात, तोच वापरा. १ टीबीच्या हार्ड डिस्कवरून ५०० जीबीच्या एसएसडीवर जाता येतं, फक्त भरलेला डेटा नव्या जागेत मावला पाहिजे. क्लोनझिला मोफत आहे आणि भक्कम आहे, पण नवी डिस्क लहान असेल तर अडून बसतं, नवख्याने त्याच्या नादी लागू नये. दीडशे जीबी डेटाला पाऊण ते एक तास धरा. स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं, हे क्षमता वाचून दोनदा ताडून बघा. इथे उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

विंडोजमध्ये व्हायरस, फुकट पॉपअप, सात वर्षांचा कचरा असेल तर कोरं टाका. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेन ड्राइव्ह तयार होतो. विंडोज आधी ॲक्टिव्हेट असेल आणि लायसन्स डिजिटल असेल तर ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने नवीन की लागत नाही. इन्स्टॉल करताना की विचारली तर 'माझ्याकडे नाही' निवडा आणि आधीचीच आवृत्ती, होम किंवा प्रो, टाका.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. मशीन त्याच्या आधीचं असेल तर त्यावर महागडी एसएसडी घालू नका.

७. प्रत्यक्ष बदल

१. मशीन पूर्ण बंद करा. स्लीप नाही, शट डाउनच. चार्जर काढा. बॅटरी निघत असेल तर काढा, आत असेल तर झाकण उघडल्यावर तिचा कनेक्टर आधी सोडवा. पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा.

२. आत हात घालण्याआधी उघड्या धातूला स्पर्श करा. नायलॉनची सतरंजी आणि जोरातला पंखा टाळा, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज चिपला पुरून उरते.

३. स्क्रू कागदावर लॅपटॉपच्याच आकारात मांडत जा. लांब-आखूड असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की वर कीबोर्डपाशी फुगवटा येतो.

४. जुनी डिस्क ब्रॅकेटसकट सरळ मागे ओढा, वर उचलू नका. साटाचा कनेक्टर, ७ पिनांचा डेटाचा आणि १५ पिनांचा वीजेचा, आडवा ताण सहन करत नाही.

५. ब्रॅकेट एसएसडीला लावा, खोबणीत सरकवा. एम.२ असेल तर साधारण ३० अंशांत तिरकी घालायची, मग दाबून छोटा स्क्रू. स्क्रू हाताने बसेल तेवढाच घट्ट.

६. क्लोन केला असेल तर पहिल्यांदा मशीन फक्त नव्या एसएसडीवर चालू करा. जुनी जोडलेली असली तर दोघींची ओळख सारखी असते आणि विंडोज गोंधळते.

७. बूट झालं नाही तर घाबरू नका. डेलला एफ१२, एचपीला एस्केप किंवा एफ९, लेनोवोला एफ१२ दाबून बूट मेनू बघा. जुनं विंडोज लेगसी मोडमध्ये (बूटची जुनी पद्धत) असेल तर बायोसही लेगसीतच ठेवा. कोरं टाकणार असाल तर बूटसाठी यूईएफआय (नवी पद्धत) आणि साटासाठी एएचसीआय मोड निवडा. जुन्या डेस्कटॉपवर साटा 'आयडीई' मोडमध्ये राहून गेलेला असतो, तो इन्स्टॉलआधीच बदला. नंतर बदलला तर विंडोज उठत नाही.

८. बसवल्यावर लगेच

स्टार्टमध्ये 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ' शोधा. एसएसडीसमोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलेलं हवं आणि आठवड्याचं वेळापत्रक चालू हवं. विंडोज तिथे ट्रिम पाठवते, म्हणजे कोणती पानं आता बिनकामाची आहेत ते ड्राइव्हला कळवते. बाहेरून आणलेलं डिफ्रॅगचं (विखुरलेल्या फायली सलग लावण्याचं) सॉफ्टवेअर मात्र काढून टाका, एसएसडीला त्याने नुसती झीज मिळते.

ट्रिमची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. हार्ड डिस्कवरून चुकून डिलीट झालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने अनेकदा परत मिळते. एसएसडीवर ट्रिम झाल्यावर तिची आशा सोडायची.

९. जुनी डिस्क कपाटात, कामाला

निरोगी असेल तर ती यूएसबी केसमध्ये घाला आणि आठवड्याचा बॅकअप तिच्यावर घ्या. लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्याच्या जागी कॅडीत (त्याच मापाच्या चौकटीत) बसवण्याचाही मार्ग आहे. कॅडी ९.५ मिमी की १२.७ मिमी हे मोजून घ्या. पण एकाच लॅपटॉपमधल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे.

साठवणीसाठी हार्ड डिस्कच बरी, एक तर दर टीबीला स्वस्त आणि दुसरं म्हणजे ती बिनविजेची पडून राहिली तरी डेटा धरून ठेवते. फ्लॅशमधला विद्युतभार हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीसाठीचं जेडेकचं (चिपची मानकं ठरवणारी संस्था) मानक असं की हमीचं सगळं लिखाण संपलेल्या अवस्थेत, ३० अंशांवर, विजेविना एक वर्ष डेटा टिकावा. नवी एसएसडी यापेक्षा पुष्कळ जास्त टिकते, पण पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर ठेवलेली जुनी, झिजलेली एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह यांच्यावर लग्नाचे अल्बम सोपवू नका. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरलाही सर्व्हेलन्स हार्ड डिस्कच लावा, तिथे चोवीस तास सलग लिखाण असतं आणि शोधाशोध जवळपास नसते.

महाबळेश्वर-पाचगणीकडे किंवा कोयनेच्या खोऱ्यात, म्हणजे पावसाळ्यात दमट हवेत असाल तर कपाटातली डिस्क झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

डिस्क विकणार असाल तर 'क्विक फॉरमॅट'वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. क्विकमध्ये डेटा जागच्या जागी राहतो.

१०. वीज आणि पूर

'एसएसडीत फिरणारं काही नाही, तेव्हा वीज गेली तरी चालतं,' हे अर्धसत्य आहे. कुठला डेटा कुठल्या कप्प्यात आहे याचा नकाशा कंट्रोलर सतत लिहीत असतो. नेमकं तेव्हाच वीज गेली तर नकाशा अर्धवट राहू शकतो. सर्व्हरच्या एसएसडीत यासाठी कपॅसिटर असतात, घरगुती एसएसडीत बहुधा नसतात. डेस्कटॉपला यूपीएस लावाच. बॅटरी गेलेला लॅपटॉपही डेस्कटॉपच समजा.

पुराचं गणित २००५, २०१९ आणि २०२१ ने शिकवलं आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. गावभाग, हरिपूर रोड, टिळक चौक या पट्ट्यात दुकान असेल तर दुसरा बॅकअप त्याच इमारतीत ठेवण्यात अर्थ नाही. उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवा, महिन्याला अदलाबदल करा. पाणी चाळिशीकडे चढायला लागलं की मशीन बंद करून प्लग काढा आणि कॅबिनेट वरच्या मजल्यावर न्या. तेवढा वेळ नसेल तर निदान बॅकअपची डिस्क आणि डिजिटल सहीचं टोकन खिशात घाला.

डिस्क भिजलीच तर चालू आहे का बघायला प्लग लावू नका. बहुतेक हार्ड डिस्कच्या अंगावर हवेसाठी बारीक भोक असतं. पुराचं पाणी तिथून आत जातं आणि वाळलेला गाळ तबकडीला चिकटतो. ती उन्हात वाळवू नका, तांदळात पुरू नका. ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे पोहोचवा. एसएसडीच्या चिपमधला डेटा पाण्याने पुसला जात नाही, गंजतात ते पाय आणि कनेक्टर. भिजताना ती बंद होती तर तिची आशा जास्त. स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने गाळ धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सावलीत दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या. आत महत्त्वाचं काही असेल तर पहिली वीज जाणकारालाच लावू द्या.